हलवलेली पाटी

झाड लावायला आपण सगळे हजर असतो. फावडं हातात धरून फोटो काढतो, डोळे पुसतो आणि घरी जाऊन चहा टाकतो. शिवणवाल्या काकूंनीही तेच केलं. नवरा गेला तेव्हा दफनभूमीच्या स्मृतिवनात, भिंतीलगत, त्याच्या नावाचं तुतीचं रोप लावलं आणि शेजारी पाटी बसवली. पुढच्या वर्षी त्याच तारखेला गेल्या, तर पाटी मधल्या वाटेपाशी आणि झाड डोक्याच्याही वर! “भिंत पाडायची होती, म्हणून सगळंच इकडे आणलं,” असं दिरांनी सांगितलं. दीर स्मृतिवन समितीचे सचिव, घरचाच माणूस. काकूंनी विश्वास ठेवला. “आमचे हे कधी कुठल्या कामात मागे राहिलेत?” म्हणून त्यांनी झाडाचं कौतुकच केलं. पुढे पाच वर्षं त्या दरवर्षी तिथे बसून बोलल्या. लेकीच्या संसारातलं जे कुणाला सांगता येत नव्हतं, ते सगळं त्या झाडाला सांगितलं.

यंदा दुकान बंद होतं म्हणून त्या आठवडाभर आधीच गेल्या. घड्याळदुरुस्तीवाले आजोबा झारीने त्या झाडाला पाणी घालत होते.

“आमच्या ह्यांच्या झाडाला पाणी घालता? फार उपकार झाले हो!”

आजोबा गडबडले. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

“बाई, ही तुती माझ्या लेकीच्या नावाची आहे. मी पाटी लावली नव्हती, मला कशाला हवी पाटी? पाच-सहा वर्षांपूर्वी तुमची पाटी इथे आली.”

काकूंनी वळून भिंतीकडे पाहिलं. ती तर जागच्या जागी उभी होती! इतक्या वर्षांत आपण तिकडे नीट पाहिलंच नाही. त्या तशाच समितीच्या खोलीत शिरल्या.

“भाऊजी, ह्यांचं झाड कुठे आहे?”

दिरांनी उगाच चष्मा पुसला. “वहिनी, ते पहिल्याच उन्हाळ्यात वाळलं. तुमचं मन मोडू नये म्हणून पाटी हलवली. आमची पद्धतच आहे ती. रोप मेलं की पाटी चांगल्या झाडापाशी न्यायची. आजवर कुणाची तक्रार नाही.”

“आणि मी परक्या झाडाशी बोलत असताना तुम्ही शेजारी उभे राहून मान डोलवत होतात! सख्ख्या भावाचं झाड होतं ते!”

त्या रडतच बाहेर आल्या. आजोबांनी त्यांना बाकावर बसवलं.

“तुम्ही तरी बोलायचं होतं,” काकू म्हणाल्या.

“तुम्ही इथे बसून रडत होतात, उठवणार कसं? पण गप्प राहिलो, ती माझीही चूकच. तुम्हाला फसवलं हे खरं आहे, बाई. फक्त एक विचारतो. त्या पहिल्या उन्हाळ्यात तुम्ही किती वेळा आलात?”

“मी? समिती आहे ना...”

“समितीला वाटलं, घरचे आहेत. एकमेकांच्या भरवशावर रोप तहानेनं गेलं.”

काकू तो उन्हाळा आठवू लागल्या. एकदाही नाही! एकदाही गेलो नाही आपण!

त्यांनी पिशवीतली कात्री काढली आणि तिच्या टोकानं पाटीचे स्क्रू सोडवले. भिंतीपाशी, जिथे रोप मेलं होतं, तिथल्या मोकळ्या मातीत पाटी रोवली आणि खाली शिवणाच्या खडूनं लिहिलं: हे रोप पाण्यावाचून मेलं.

“वहिनी, समितीची अब्रू जाईल!” दीर धावत आले.

“माझीही जातेय. जाऊ दे!”

आठवडाभरात ज्याला त्याला एकच प्रश्न पडला, आमचं झाड तरी खरं आहे का? चौदा पाट्या हलवलेल्या निघाल्या.

वाचकहो, गेलेल्या माणसाच्या नावानं झाड लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे. ते जगवणं हे आपलं काम आहे, आणि ते समितीवर ढकलता येत नाही. आणि मन राखायला म्हणून कुणी सत्य लपवू नये. माणूस दुःख सोसतो, फसवणूक सोसत नाही.

काकूंनी त्याच जागी नवं रोप लावलं आणि दर मंगळवारी पाणी घालायचं ठरवलं. पहिल्याच मंगळवारी त्या गेल्या, तर दीर भरलेली बादली घेऊन उभे.

“वहिनी, माफ केलंत ना?”

काकूंनी त्यांच्या हातातून बादली घेतली.

“इतक्यात नाही, भाऊजी. आधी एक उन्हाळा जाऊ दे.”