लपणात बोलायचं नसतं

सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि सुनेनं तोंडाशी आलेलं वाक्य पुन्हा गिळलं. दुपारपासूनची ही तिसरी खेप.

"थापट्या," ते कुजबुजले. "लव्हाळ्याच्या डावीकडे. चोच बघ त्याची."

तिनं दुर्बीण लावली. बदकाची चोच फावड्यासारखी होती खरी, पण तिचं लक्ष होतं कुठे! पाणथळीच्या काठावर, पक्ष्यांना न दिसता ते बघता यावेत म्हणून फळ्या ठोकून केलेलं हे लपण. आत एक बाक, समोर डोळ्यांपुरती फट आणि भिंतीवर पाटी, बोलू नये म्हणून. ती पाटी सासऱ्यांना देवासारखी धावून आली होती.

एरवी हा माणूस गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. छापखान्यात पस्तीस वर्षं मुद्रितं तपासली. चुका काढायची खोड निवृत्तीनंतरही गेली नाही, म्हणून आता बदकांची नावं चुकवणाऱ्यांच्या मागे लागतात. मुलगा गेला त्याला पाच वर्षं झाली. सासूबाई त्याच्याही आधी गेलेल्या. घरात उरली ही दोघं. त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनीच तिला ओढून इथे आणलं होतं, घरात बसून राहिलीस तर बुरशी चढेल म्हणत. तेव्हा तिला बगळा आणि बदक एवढाच फरक कळायचा.

आणि आता तिला सांगायचं होतं, की ती लग्न करतेय. ती काम करायची त्याच रुग्णालयात एक्स-रे काढणारा, शांत स्वभावाचा माणूस. आठ दिवस ती घरात संधी शोधत होती. चहाच्या वेळी यांना पेपरात चूक सापडायची, जेवताना ठसका लागायचा. म्हाताऱ्याला सुगावा लागलाय, हे न कळायला ती काय कालची सून होती? तिला त्यांचा राग येत होता. पण आपण गेल्यावर हे बोलणार तरी कोणाशी?

तेवढ्यात एक शिकारी पक्षी पाण्यावर झेपावला. सगळी बदकं एकदम उठली, एक घिरटी घेऊन पलीकडच्या तळ्याकडे निघून गेली. पाणी रिकामं झालं.

"बाबा," ती म्हणाली.

त्यांचं बोट ओठांवर गेलं.

"समोर एकही पक्षी नाहीये, बाबा."

बोट तिथेच राहिलं. तिनं त्यांचा हात खाली आणला आणि आपल्या हातात धरून ठेवला. मग एका दमात सांगून टाकलं, कोण, कुठला, कधी. नवं घर बसनं वीस मिनिटांवर आहे, हे तर दोनदा सांगितलं.

दुसऱ्या हातानं दुर्बीण डोळ्यांना लावून ते रिकाम्या पाण्याकडे बघत बसले. दुर्बिणीखालून गालावर ओल उतरली. ती पुसायला हात मोकळा नव्हता.

"वाईट वाटलं ना?"

"वाटणारच. दगड आहे का मी?"

ऊन फटीतून आत येऊन बाकाच्या टोकापर्यंत पोहोचलं.

"त्याची सुट्टी कधी असते?" त्यांनी विचारलं.

"रविवारी."

"रविवारी इथे नुसती जत्रा असते. एक पक्षी धड बघू देत नाहीत लोक." त्यांनी दुर्बीण खाली ठेवली. "सहाला निघावं लागेल. उठतो का तो लवकर?"