सातवी ‘ब’चा मोकळा तास

“आलात व्हय सर? चला लवकर. सातवी ब मोकळी हाय. पोरं वर्ग डोक्यावर घ्यायलीत,” असं म्हणत शिपाई धोंडिबामामांनी सोमनाथच्या काखेतली तक्त्याची गुंडाळी काढून घेतली आणि ते जिना चढू लागले.

सोमनाथ नुकताच फाटकातून आत आला होता. सकाळच्या एसटीने गंगापूरहून निघून, सिडकोत दोनदा पत्ता चुकून तो सव्वादहाला इथे पोचला होता. मुलाखत साडेदहाची. “मामा, ते मुलाखतीचं...” असं त्याने म्हणून पाहिलं, पण मामा तोवर अर्धा जिना पुढे गेले होते. जाहिरातीत ‘मुलाखत व पाठ’ एवढंच छापलं होतं. आधी काय आणि नंतर काय, हे छापायचं राहिलं होतं. आधी पाठ घेत असतील, अशी सोमनाथने स्वतःची समजूत घातली. मोठ्या शाळा, त्यांच्या पद्धती वेगळ्या.

ही नोकरी मिळाली नाही तर काय, हे घरी ठरलेलंच होतं. चुलतभावाने वाळूजच्या एका कंपनीत शब्द टाकून ठेवला होता आणि सोमवारपासून सोमनाथने तिथे मशिनवर उभं राहायचं होतं. वडील, रामकिसन, तसे रागावणारे नव्हते. बी.एस्सी. झालं, बी.एड. झालं, दोन वर्षं अर्ज झाले, आता पुरे, एवढंच ते म्हणाले होते. सोमनाथला यात त्यांची काही चूक दिसत नव्हती, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास होत होता.

वर्गाच्या दारात त्याने मामांना विचारलं, “पाठ बघायला कोण बसणार?”

“इथं कोण बसतंय?” मामांनी फळ्यासमोरच्या भिंतीवरच्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. “म्याडमच्या खोलीत टीव्ही हाय. तिथं समदं दिसतं.”

सोमनाथने शर्टाचं वरचं बटण लावलं. बी.एड.ला अश्लेषा मॅडम शेवटच्या बाकावर वही घेऊन बसायच्या आणि सगळ्याचे गुण कापायच्या. मुलांकडे पाठ केली, एक गुण. फळा न पुसता वर्गाबाहेर पडला, दोन गुण. समोर माणूस बसलेला असला की निदान त्याच्या भुवया तरी दिसतात. कॅमेऱ्याला भुवया नव्हत्या.

त्याने तारीख टाकली, घटक लिहिला : वर्तुळाचा परीघ. मग मान वर करून, खणखणीत आवाजात प्रस्तावनेचे प्रश्न विचारले. “तुम्ही कोणकोणत्या गोल वस्तू पाहिल्या आहेत?” पोरं आधी त्याच्याकडे, मग मागे वळून भिंतीकडे बघू लागली.

“सर,” पुढच्या बाकावरच्या श्रेयाने विचारलं, “तुम्ही वर कुणाला शिकवायलात?”

वर्ग हसला. सोमनाथच्या कानाच्या पाळ्या तापल्या. पुढचा प्रश्न काय होता तेच त्याला आठवेना. पाठाचं टाचण पिशवीत होतं, पण कॅमेऱ्यादेखत ते कसं काढायचं? म्हणून त्याने रुमालाची पुरचुंडी काढली. तीत तीन बांगड्या होत्या : आईची, बहिणीची, आणि तिचीच तान्हेपणीची, रुपयाएवढी. सोबत दोऱ्याचं रीळ.

“ह्या बांगडीभोवती दोरा गुंडाळा,” तो म्हणाला. “जेवढा लागला तेवढा तोडा. आता तो दोरा बांगडीच्या मधून आडवा धरून बघा, किती वेळा बसतो.”

तीन वेळा बसला, आणि वर थोडासा उरला. धाकट्या बांगडीला तीन वेळा आणि थोडासा, मोठ्या बांगडीलाही तेवढाच. मागच्या बाकावरचा सम्यक म्हणाला की असं होणार नाही, मोठ्या बांगडीला जास्त वेळा बसायला पाहिजे, मोजणाऱ्याने गडबड केली असेल. त्याने स्वतः मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून त्याच्याभोवती दोरा गुंडाळला.

“सर, हे असं कसं काय?” तो म्हणाला. त्याला खरोखरच राग आला होता.

कॅमेरा कुठे आहे ते त्यानंतर सोमनाथला आठवलं नाही. घंटा झाली, कुणी आलं नाही. दुसरा तासही तो तिथेच होता. तोही संपल्यावर मधली सुट्टी झाली, तेव्हा त्याला मुलाखत आठवली. सगळं तसंच टाकून तो खाली पळाला.

मुख्याध्यापिका अंबिका मॅडम टेबलावरचे कागद आवरत होत्या. त्याचं नाव ऐकून त्यांनी यादी पाहिली. “तुम्हाला तीनदा पुकारलं. कुठे होता?”

“सातवी ‘ब’वर. पाठ घेत होतो. तुम्ही टीव्हीवर...”

“वर्गांतले कॅमेरे मार्चपासून बंद आहेत,” मॅडम म्हणाल्या. मग त्यांच्याही लक्षात आलं. सातवी ‘ब’ला गणिताला शिक्षक नव्हता, मुलाखती त्याच जागेच्या होत्या. आजच्यापुरते संस्थेच्या दुसऱ्या शाळेतून एक सर यायचे होते, ते आलेच नव्हते. “तुम्हाला वर्गावर कुणी पाठवलं?”

दारात धोंडिबामामा चहाचे कप घेऊन उभे होते. ते उंबऱ्यावरच थबकले.

खरं सांगायला हरकत नव्हती. खरं सांगून काही बदललं असतं का, की मामांनाच बोलणी बसली असती, यातलं काहीच सोमनाथला कळत नव्हतं. “मला वाटलं आधी पाठ असतो,” तो म्हणाला. “मीच गेलो.”

मॅडम वाईट नव्हत्या. निवडीचं नाव थोड्या वेळापूर्वीच संस्थेकडे गेलं, आता काही करता येणार नाही, हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं. पुढच्या वर्षी जाहिरात आली तर जरूर या, असंही म्हणाल्या. मामांनी त्यांचा चहा ठेवला, आणि दुसरा कप कुणी न सांगता सोमनाथपुढे केला.

जिना चढताना आईचा फोन आला. त्याने घेतला.

“झाली का रे मुलाखत?”

“तास लई चांगला झाला, आई.”

“मग सोमवारचं?”

“सोमवारी जायचं,” तो म्हणाला, आणि तिने आणखी काही विचारण्याआधीच फोन ठेवला. डोळे पुसून तो वर्गात शिरला.

सुट्टी असूनही सात-आठ पोरं आतच होती. डबे उघडले होते ते जेवायला नव्हे, झाकणं मोजायला. श्रेयाने बांगड्या रुमालात बांधून ठेवल्या होत्या, त्या आणून दिल्या.

“सर, डब्याचं पण तीन आणि थोडंच आलं,” सम्यक म्हणाला. “उद्या काय मोजायचं?”

“जे गोल सापडेल ते,” सोमनाथने सांगितलं.

तक्ता गुंडाळून त्याने सवयीने डस्टर उचललं. कडेच्या दोन पोरांनी वह्यांतून डोकं वर काढलं. “सर, पुसू नका ना. आमचं लिहायचं राहिलंय.”

त्याने डस्टर जागेवर ठेवलं. दोऱ्याचं रीळही टेबलावरच राहू दिलं. आणि फळा तसाच भरलेला ठेवून तो वर्गाबाहेर पडला.