स्पेलिंग पकडलं, अर्थ सोडला

एकमेकांसारखे दिसणारे इंग्रजी शब्द माणसाला कसे तोंडघशी पाडतात, हे संहिता इतक्या गमतीने शिकवायची की तिच्या क्लासमध्ये खुर्ची मिळणं मुश्कील असे. कृष्णपुऱ्याजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर हा स्पोकन इंग्लिशचा क्लास चाले. मुलाखतीची तयारी करणारी मुलं यायची, दुकान सांभाळणाऱ्या बायका यायच्या, प्रमोशन झालेले बाबूही यायचे. "लूझमध्ये एक ओ टाकलात तर काहीतरी गमावलंत, दोन टाकलेत तर तुमचा पायजमा सैल झाला!" असं ती म्हणाली की सगळा वर्ग हसून लोटपोट. डेझर्टला एक एस असेल तर वाळवंट, दोन असतील तर जेवणानंतरचं गोड. एकदा तिच्याकडून ऐकलेलं कुणी विसरत नसे.

मात्र त्या हशात चूक करणाऱ्याचा चेहरा कसा होतो, हे बघायची तिला सवय नव्हती. आपल्यापैकी किती जणांना ती असते?

संहिता आई-बाबांबरोबर अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत राहायची. बाबा, गजाननराव, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले. आवाज असा खणखणीत की गणपतीची आरती ते म्हणू लागले की लाऊडस्पीकर बंद ठेवला तरी चाले. तोंड तर क्षणभर मिटत नसे. भाजीवाला असो, पोस्टमन असो, रस्ता चुकलेला कुणी परका असो, गजाननरावांनी त्याला थांबवलं नाही असं व्हायचं नाही.

आई, शशिकलाताई, हिंदी शाळेत शिकलेल्या. मोठा मुलगा मानस गुडगावला, सून रुची पंजाबी. सुनेशी चार शब्द इंग्रजीत बोलता यावेत अशी त्यांची फार हौस. म्हणून संहितेनेच नियम केला होता, "घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी इंग्लिशमध्येच लिहायचं. आईची प्रॅक्टिस होईल." शिवाय, "मी क्लासमध्ये असताना फोन नको, मेसेज टाकत जा," हेही सांगून ठेवलेलं. आई लिहायची. ॲडव्हाइसमध्ये सी की एस, यात हमखास घोळ व्हायचा. मग मानसचे हसरे चेहरे यायचे आणि संहितेची मजेदार टिप्पणी. आईही हसायची. निदान तसं दिसायचं.

त्या मंगळवारी सकाळी संहिता निघाली तेव्हा बाबा दारात उभं राहून दूधवाल्याशी हुज्जत घालत होते. "निघाल्या का मॅडम?" त्यांनी विचारलं. तिने चप्पल घालता घालता नुसती मान हलवली.

दुसरी बॅच रंगात आली होती. मोबाइल लॅपटॉपला जोडलेला, त्यावरचं सगळं भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होतं. तेवढ्यात ग्रुपवर आईचा मेसेज उमटला, "बाबा इज व्हेरी क्वाइट सिन्स मॉर्निंग."

आईला लिहायचं होतं क्वाएट, म्हणजे गप्प. शेवटची दोन अक्षरं उलटी पडली आणि झालं क्वाइट, म्हणजे बऱ्यापैकी. संहितेचे डोळे चमकले. आजचा धडा आयताच चालून आला! तिने मेसेज पडद्यावर मोठा केला.

"सांगा बरं, बाबा सकाळपासून फार बऱ्यापैकी आहेत म्हणजे काय आहेत?"

वर्ग खदखदला. संहितेने सगळ्यांसमोर उत्तर टाइप केलं, "क्वाइट व्हॉट, आई? क्वाइट हँडसम?" मानसने पोट धरून हसणारे चेहरे पाठवले, रुचीनेही. थोड्या वेळाने पडद्यावरचा आईचा मेसेज नाहीसा झाला. आईने तो पुसून टाकला होता. "लाजली माझी आई," असं म्हणून संहिता पुढच्या शब्दाकडे वळली.

दुपारी शेजारच्या तुकोजीकाकांचा फोन आला. बाबांचे जुने मित्र, फौजेतून निवृत्त झालेले.

"बेटा, तू सीधी दवाखान्यात ये. गजाननला लकवा मारलाय."

दवाखान्यात बाबा पलंगावर होते. चेहऱ्याची एक बाजू ओघळल्यासारखी झाली होती. संहितेला पाहून त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटला नाही. डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "मेंदूत बोलण्याची जागा असते, तिथलाच रक्तपुरवठा बंद पडलाय. अचानक बोलणं थांबणं हीच याची खूण असते. सकाळीच आणलं असतं तर औषधाला संधी होती. पक्कं सांगता आलं नसतं, पण संधी होती."

संहिता बाहेर येऊन बाकावर बसली. तुकोजीकाका तिथेच बसले होते.

"मी पेपर मागायला गेलो होतो," ते म्हणाले. "तो खुर्चीत बसलेला. समोर पोहे तसेच, वरची सेव नरम पडून गेलेली. मी म्हटलं, वहिनी, हा बोलत का नाही? त्या म्हणाल्या, सकाळपासून असंच आहे, मुलांना कळवायचंय, पण स्पेलिंग जमत नाहीये. मोबाइल हातातच होता त्यांच्या. तुझं ते हँडसमवालं उत्तरही दाखवलं मला."

"स्पेलिंग?" संहितेने चमकून वर पाहिलं. "काका, आईने लिहिलं होतं. पण चुकीचं लिहिलं होतं... त्यामुळे माझ्या ध्यानात..."

"खोटं बोलू नकोस, बेटा." काकांचा स्वर कठोर नव्हता, पण ठाम होता. "त्यांना काय म्हणायचंय ते तुला कळलं नसतं, तर चूक कशी पकडली असतीस? जो चूक पकडतो त्याला अर्थ आधी कळलेला असतो. तुला कळलं होतं की गजानन गप्प आहे. गजानन! जो झोपेतही बडबडतो! तुला घाबरायला पाहिजे होतं, तू हसलीस."

खरंच की! तिला कळलं होतं. पहिल्या क्षणीच कळलं होतं!

"मग चुका दाखवायच्याच नाहीत का, काका?"

"का नाही? दाखवायच्याच. चुकीच्या शब्दाने नोकरी जाते, औषधं बदलतात. शब्द बरोबरच पाहिजे. पण पहले विचार, काय झालं? आणि स्पेलिंग नंतर शिकव, एकांतात. चारचौघांत हसलीस की माणूस स्पेलिंग शिकत नाही, बेटा. तो बोलायचंच सोडून देतो."

बाबा घरी आले, पण त्यांचा आवाज आला नाही. थेरपीवाल्या बाई येत, अक्षरं म्हणवून घेत. बाबा प्रयत्न करत, मग थकून खिडकीबाहेर बघत. आरतीला आता लाऊडस्पीकर लागू लागला.

एक दिवस आई भाजी निवडता निवडता हलकेच म्हणाली, "माझंच चुकलं गं. दोन अक्षरं नीट लिहिली असती, तर तू आली असतीस."

आई हे ओझं एकटी वाहत होती! संहितेने आईचे हात धरले.

"नाही आई! तुझं काही चुकलं नाही. मला समजलं होतं तू काय म्हणतेस. सगळं समजलं होतं आणि तरी मी हसले. तुझं लिहिणं मी क्लाससमोर लावलं, आई."

आईने हात सोडवून घेतले नाहीत. बराच वेळ तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

दुसऱ्या दिवशी संहितेने वर्गात ही हकीकत जशीच्या तशी सांगितली. त्या मंगळवारी हसलेली मुलं खाली मान घालून ऐकत होती. "आजपासून या खोलीत चुकीला हसायचं नाही," ती म्हणाली. त्याच आठवड्यात श्रेया नावाच्या मुलीने निबंधात 'माझी आई वजन गमावते आहे' असं लिहिताना लूझमध्ये दोन ओ टाकले. संहितेने तिला बाजूला बोलावून आधी विचारलं, "आईला काय होतंय? डॉक्टरांना दाखवलंत?" ओची गोष्ट तिने त्यानंतर काढली.

ग्रुपवरचा इंग्रजीचा नियम मोडला. मानस आता रोज फोन करतो, मराठीत बोलतो. आईने मात्र शिकणं सोडलेलं नाही. संध्याकाळी बाबांच्या खुर्चीजवळ बसून दोघी शब्द गिरवतात. आईचं ॲडव्हाइस हल्ली चुकत नाही. पण शब्द लिहून झाला की ती वहीकडे न बघता आधी संहितेच्या तोंडाकडे बघते, ही हसते की काय म्हणून. संहिता कधीच हसत नाही. तरीही आईचं ते बघणं गेलेलं नाही.

मित्रहो, भाषा जरूर शुद्ध करा. शब्दांतला फरक शिका आणि शिकवाही. पण आपलं माणूस अडखळत काही सांगू लागलं, तर त्याची अक्षरं मोजण्याआधी त्याचं म्हणणं ऐका. चुकलेलं स्पेलिंग पुन्हा लिहिता येतं. हसण्याने दुखावलेलं मन मात्र आयुष्यभर समोरच्याचा चेहरा चाचपत राहतं.