गल्लीतला चोथा

काढा पूर्वीसारखा कडू लागेना, तेव्हाच मेंगआजींच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

लिंगझीचा काढा कसा, जीभ कडूजार करून सोडणारा हवा. आजींचा धाकटा भाऊ दाब्येच्या डोंगरात राहायचा. ओकच्या खोडावरची ती औषधी अळंबी त्यानं स्वतः उतरवून, उन्हात वाळवून बहिणीसाठी आणली होती. लाकडासारखी कडक आणि लाखेचा हात दिल्यासारखी तकतकीत. तान वैद्यांनी तिचा वास घेतला, नख मारून पाहिलं आणि सांगितलं, की असा माल हल्ली मिळत नाही, छातीतली धाप बसली तर हिनंच बसेल. आजी गेला हिवाळाभर भिंत धरून चालल्या होत्या. त्यांचा सगळा जीव त्या एका अळंबीत अडकला होता.

आणि अळंबी होती सुनेच्या ताब्यात. मुलगा बाओलिन दूर निंगबोच्या कारखान्यात, घरात या दोघीच. काप काढणं, मातीच्या भांड्यात मंद आचेवर उकळणं, गाळणं, सगळं युनशियाच करायची, आणि तेही स्वयंपाकघराचं दार लोटून. धूर तुमच्या छातीत जाईल, म्हणून लोटते, असं तिचं म्हणणं. जन्मभर चुलीपुढे धूर खाल्ला तेव्हा कुणाला एवढा कळवळा आला नव्हता, असं आजींचं म्हणणं. ते त्या मोठ्यानं बोलत नव्हत्या, एवढंच.

आगीत तेल ओतायला हू काकू होत्याच. जुन्या गल्लीत उरलेल्या मोजक्या घरांपैकी एक त्यांचं. त्या मागच्या दारानं यायच्या, भोपळ्याच्या बिया सोलत बसायच्या आणि जगाच्या उचापती सांगायच्या. खालच्या गावातल्या एका सुनेनं म्हणे सासऱ्याची लिंगझी शहरात विकून कानातले केले आणि म्हाताऱ्याला भाजीच्या अळंबीचं पाणी पाजलं. म्हातारा गेला बिचारा. मी कुणाचं नाव घेत नाही हो, असं म्हणत काकूंनी युनशियाच्या पाठीकडे पाहिलं.

तेव्हापासून आजींची नजर सुनेच्या कानांवर. कान मोकळेच होते. पण माहेर होतं ना! तिचे वडील खोकल्यानं बेजार, आणि मागच्या खेपेला ती माहेरी निघाली तेव्हा पिशवी चांगली टम्म फुगलेली होती. पिशवीत काय आहे ते आजींनी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती सावध झाली असती.

खात्री करायची तर जागा एकच, काढ्याचा चोथा. चोथा घरात ठेवत नाहीत, दारापुढच्या रस्त्यावर टाकतात. जाणाऱ्यायेणाऱ्यांनी तो तुडवला, की आजार त्यांच्या पायांबरोबर दूर निघून जातो. आजींच्या सासूचा चोथाही याच दारापुढे पडायचा. लिंगझी भांड्यात पडत असेल, तर तिचे काप चोथ्यात सापडायला हवेत.

आजी काठी टेकत बाहेर गेल्या आणि चोथा उकरू लागल्या. पण तो चोथा कुठला, नुसता चिखल! सुकी लाल बोरं चिरडलेली, औषधाचे पांढरे तुकडे मातीत कालवलेले. त्यात मातीच्याच रंगाचे काप आहेत की नाहीत, ते आजींच्या अधू डोळ्यांना काय कळणार? पुढेही रोज तेच. गल्लीत कुत्रंही फिरकत नव्हतं, मग हे तुडवलं कुणी?

आजींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पुरावा पुसते आहे, दुसरं काय! छिंगमिंगच्या सणाला बाओलिन पितरांची थडगी झाडायला येईल, तेव्हा सगळं त्याच्यापुढे मांडायचं आणि हिला कायमची माहेरची वाट दाखवायची, असं त्यांनी पक्कं केलं. फक्त एकदा रंगेहाथ पकडायला हवी होती.

एका सकाळी काढा पिऊन आजी डोळे मिटून पडल्या. युनशिया भांडं घेऊन बाहेर पडताच उठल्या आणि दाराच्या फटीला डोळा लावला. युनशियानं चोथा फरसबंदीवर पालथा केला. इकडेतिकडे पाहिलं. मग त्यावर उभी राहून ती सावकाश, टाच दाबून दाबून तुडवू लागली. आजींनी दार धाडकन उघडलं.

"थांब. पाय उचल."

युनशिया पांढरीफटक पडली. बाहेर गारठा आहे, आत चला, असं काहीतरी पुटपुटली.

"पाय उचल म्हणते ना!"

तिनं भिंत धरून पाय वर केला. कापडी बुटाच्या तळव्याला काप चिकटले होते. आजींनी एक सोडवून अंगठ्यानं पुसला. कडेला लाखेची तांबडी रेघ चमकली. दुसराही तसाच. लिंगझी तिथंच होती, सगळीच्या सगळी.

"मग काढा गोड का लागतो?"

"तुम्ही ओकून टाकायचात. म्हणून बोरं वाढवली."

"आणि हे नाचकाम कशासाठी?"

युनशिया रिकामं भांडं घेऊन आत जाऊ लागली. आजींनी काठी आपटली, तेव्हा तिनं तोंड उघडलं.

"नवा रस्ता झाल्यापासून आपल्या गल्लीतून जातं कोण, आई? चोथा नुसता वाळत पडायचा. हू काकूसुद्धा मागच्या दारानं येतात. कुणाचा पाय लागला नाही, तर तुमचा आजार जाणार कसा?"

"नव्या रस्त्यावर नेऊन टाकायचास."

"तिथं नुसते ट्रक. टायरला कुठं आजार लागतो?"

"म्हणून तू तुडवतेस?"

"मी तरुण आहे. मला काय धाड भरली आहे?"

आजींना लाज वाटली, आणि सुनेपुढे लाज वाटावी याचा रागही आला. त्या उंबऱ्यावर बसल्या, पायातल्या कापसाच्या सपाता काढून त्यांनी युनशियाकडे सरकवल्या आणि तिचे बूट मागितले. ती देईना, तेव्हा वाकून स्वतःच ओढून काढले. ओले बूट त्यांना मोठे होत होते. तरी त्यात पाय खुपसून, काठीवर भार देत त्या चोथ्यावर जाऊन उभ्या राहिल्या आणि तुडवू लागल्या.

"आई, नका ना," युनशिया रडकुंडीला आली. "सगळं परत तुमच्यावर येईल."

"माझंच आहे ते," धापा टाकत मेंगआजी म्हणाल्या. "परत दे."