कधी सुरू, कधी टक्

मी एक जुनी

टक्.

थांबा. पुन्हा.

मी एक जुनी गा

टक्.

मित्रांनो, उतरू नका. मला सुरू व्हायला कधीकधी असाच वेळ लागतो. कधी पहिल्या झटक्यात, कधी सातव्या, कधी नाहीच. आज सांगायचं फार आहे आणि ते ओळीने येईल याची खात्री नाही, तेव्हा येईल तसं ऐका.

मी एक जुनी गाडी आहे. चार दारं, त्यातलं मागचं एक आतून उघडत नाही. रंग मोरपंखी. म्हणजे कागदावर मोरपंखी. टपावरचा उन्हाने नेला, दारांवरचा लोकांच्या कोपरांनी.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये सरकत्या पट्ट्यावर झाला. एकाने दार लावलं, दुसऱ्याने काच, तिसऱ्याने नुसतेच चार स्क्रू पिळले आणि जांभई दिली. पट्ट्याच्या टोकाला एक बाई उभी होती. तिने किल्ली लावली, फिरवली, मी सुरू झाले. तिने माझ्याकडे बघितलंही नाही, तिची नजर मागून येणाऱ्या गाडीवर होती. तेव्हा मला वाटलं, सुरू होणं ही काय कौतुकाची गोष्ट? ते आपोआपच होत असणार.

माझे मालक वजनकाटे दुरुस्त करतात. सगळे त्यांना काटेवाले काका म्हणतात, मीही काकाच म्हणते. माझ्या डिकीत त्यांची लाकडी पेटी असायची. आत मखमलीच्या खळग्यांमध्ये पितळी वजनं, दोन किलोपासून एक ग्रॅमपर्यंत, घरातल्या थोरल्या-धाकट्यांसारखी ओळीने बसलेली. आम्ही दोघं दुकानादुकानांतून फिरायचो. सोनाराचा काटा नुसत्या श्वासानेही हलायला लागला, धान्यवाल्याचा काटा उगाच झुकला, की काकांना निरोप. काका काट्यासमोर डोळा अगदी समोरासमोर आणून बघायचे. बाजूने बघितलं की काटा चुकल्यासारखा दिसतो, असं ते दुकानदारांना सांगायचे.

अशा माणसावर लोक विश्वास टाकतात. कुणी गावाला निघालं की घराची किल्ली काकांकडे. दंतवैद्याच्या दवाखान्याची. तळमजल्यावरच्या मासे पाळणाऱ्या जोडप्याची, कारण माशांना दोन वेळा खायला घालायचं. शिंपीणबाईंच्या दुकानाच्या शटरची. कुणाची गच्ची, कुणाचं कपाट. काकांनी त्या सगळ्या एकाच कडीत ओवल्या आणि त्यातच माझीही किल्ली. एकतीस किल्ल्या झाल्या होत्या. चालताना त्यांच्या खिशात गायीच्या गळ्यातली घंटा वाजावी तसा आवाज यायचा आणि त्यांची मुलगी म्हणायची, "बाबा, चोर तुम्हाला बघून कधीच घाबरणार नाही, आवाज ऐकून आधीच पळून जाईल."

आता माझ्या दुखण्याचं सांगते. मला ते सुरू झालं त्या दिवसापासून माहीत होतं. किल्लीच्या भोकाच्या आत माझं पितळ झिजलं होतं. काकांनी किल्ली फिरवली की एवढा मोठा जुडगा तिला खाली ओढायचा, आत दोन पत्र्यांची गाठ पडायची ती पडायची नाही. केसभर अंतर राहायचं. त्या केसभर अंतरातून मी फक्त एवढंच म्हणू शकायचे: टक्.

ज्या दिवशी काकांचा गुडघा जरा वर असेल, जुडगा गुडघ्यावर टेकेल, त्या दिवशी मी सुरू. गुडघा खाली असेल त्या दिवशी टक्. बस, एवढंच होतं. पण हे सांगू कशाने? माझ्याकडे बोलायला एक हॉर्न, आणि तोही दुसऱ्याने दाबायचा.

गॅरेजवाला हुशार होता. पण त्याची एक पद्धत होती. गाडी तपासायला घेताना तो जुडग्यातून फक्त माझी किल्ली काढून घ्यायचा आणि बाकीचा जुडगा काकांच्या हातात द्यायचा. "बाकीच्या ठेवा काका तुमच्याकडे, उद्या कुणाचं कुलूप उघडं सापडलं तर माझ्यावर नको." मग तो नुसत्या किल्लीने मला सुरू करायचा. मी सुरू. पुन्हा. सुरू. वीस वेळा. वीसही वेळा सुरू.

"काका, गाडी झकास आहे."

"अरे, सकाळी नाही झाली. सात वेळा नाही झाली."

"मग ती तुमच्यावर रुसलीय. आमच्याकडे माहेरी आल्यासारखी वागते."

सगळे हसायचे. काकाही हसायचे. पहिल्यांदा मनापासून. पाचव्या वेळी मात्र त्यांचं हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

घरी मुलीकडे माझी जादा किल्ली होती, सुटी. ती डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते. वर्षानुवर्षं लोकांना भिंगं बदलून विचारत आलेली, आता कसं दिसतं, आणि आता? तीही तिच्या किल्लीने मला एका झटक्यात सुरू करायची.

"बाबा, तुम्ही किल्ली अर्धीच फिरवत असाल. घाईत होतं असं."

"अर्धी नाही गं. पूर्ण फिरवली."

"नक्की आठवतंय?"

मित्रांनो, हा प्रश्न तिने मायेने विचारला होता. पण तो काकांच्या आत गेला आणि तिथेच राहिला. दुसऱ्या दिवसापासून ते बसल्या बसल्या पुटपुटायला लागले. क्लच. न्यूट्रल. किल्ली. पूर्ण. क्लच. न्यूट्रल. एवढ्या वर्षांत जे हातांना माहीत होतं ते आता तोंडाने म्हणून बघावं लागत होतं. आणि तोंडाने म्हणताना गुडघा ताठ, पाय खाली. टक्. टक्. मी त्यांना ओरडून सांगत होते, तुमचं काही चुकत नाहीये, आणि ओरडून ओरडून माझ्यातून तेवढंच निघत

असो.

एके दिवशी जिन्याशी मुलगी दंतवैद्याला म्हणाली, "बाबांचं हल्ली जरा..." आणि वाक्य सोडून दिलं. सोडलेलं वाक्य पूर्ण वाक्यापेक्षा लवकर घरोघर पोचतं. दोन आठवड्यांत लोक यायला लागले. सगळे अगदी गोड.

"काका, तुम्हाला कशाला उगाच त्रास? आमची किल्ली देता का जरा?"

"आम्ही आता मासे ठेवत नाही, काका." मासे खिडकीतून स्पष्ट दिसत होते.

दंतवैद्य स्वतः आला नाही, त्याने चिठ्ठी पाठवली.

काका एकेक किल्ली कडीतून काढून देत गेले. नखाने कडी फाकवायची, किल्ली सरकवायची, पुसून हातात ठेवायची. एकतीसच्या वीस झाल्या. वीसच्या नऊ. आणि मी

मी रोज सुरू व्हायला लागले.

पहिल्या झटक्यात. न चुकता. मुलगी म्हणाली, "बघा बाबा! शांतपणे केलं की जमतं." काकांनी मान हलवली. मला त्या दिवसांत बंद पडावंसं वाटत होतं, हट्टाने, भर चौकात. पण आतला तो केसभर हिशेब माझ्या हातात नव्हता. जुडगा हलका, मी सुरू. जसजशा किल्ल्या जात होत्या तसतशी मी काकांविरुद्ध साक्ष देत होते.

मग मुलीने ठरवलं. गाडी काढून टाकायची. बुधवारी भंगारवाला येईल. "ती पण थकलीय, तुम्ही पण थकलाय. रिक्षा आहेत, मी आहे." काकांनी कागदावर सही केली. मला भंगारात जायची भीती होतीच, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त भीती त्या सहीची वाटली. त्यांनी स्वतःबद्दलचं सगळ्यांचं म्हणणं खरं धरलं होतं.

सोमवारी शिंपीणबाई आल्या. गळ्यात टेप, बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा. त्यांनी शटरच्या दोन लांबच लांब, जड किल्ल्या काकांच्या हातावर आपटल्या.

"महिनाभर बहिणीकडे चाललेय. ह्या धरा."

"बाई, तुम्ही ऐकलं नाही का माझं..."

"ऐकलं. लोक बोलतात ते माप घेऊन बोलत नाहीत. माझं शटर दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नाही मला. पंखा मात्र बंद करा, मागच्या वेळी तुम्ही विसरला होता."

"मागच्या वेळी तुम्हीच चालू ठेवून गेला होता."

"बघा, आठवतंय की!" म्हणत बाई गेल्याही.

काकांनी किल्ल्या कडीत ओवल्या. आत बसले. क्लच. न्यूट्रल. किल्ली. पूर्ण.

टक्.

ते पुन्हा पायाकडे बघणार, पुन्हा हाताकडे बघणार, असं मला वाटलं. पण या वेळी त्यांची नजर खाली लोंबणाऱ्या जुडग्यावर गेली. तो हळूहळू हलत होता, काट्याचं पारडं स्थिर व्हायच्या आधी हलतं तसा. काका बघत राहिले. मग त्यांनी डाव्या हाताच्या तळव्यावर जुडगा झेलला आणि उजव्याने किल्ली फिरवली.

मी सुरू झाले.

हात काढला. टक्. हात लावला. सुरू.

"अरे गाढवा," काका म्हणाले. मला नाही, स्वतःला. "जन्मभर गावाची वजनं केलीस!"

त्यांनी फोन लावला. "अगं, खाली ये. नाही, पडलो-बिडलो नाही. तू ये तर. आणि प्रश्न विचारत येऊ नकोस, नुसती ये."

ती आली तेव्हा काकांनी डिकीतली पेटी बाहेर काढली होती. माझी किल्ली जुडग्यातून काढून तिला दोरा बांधला होता. "तू एकेक वजन अडकव. मी फिरवतो."

"बाबा, हे काय..."

"अडकव."

तिने पन्नास ग्रॅम अडकवलं. सुरू. शंभर. सुरू. दीडशेला सुरू. मग तिच्याही नकळत तिच्या तोंडात दवाखान्यातलं बोलणं आलं. "आता? आणि आता?" दोनशेला मी जरा अडखळले, पण सुरू. दोनशे वीसला टक्. तिने वजन काढलं. सुरू. पुन्हा लावलं. टक्.

"गुडघा खाली घ्या, बाबा. टेकतोय."

"तेच तर! टेकतो त्या दिवशी सुरू होते!"

शेवटी तिने माझी किल्ली परत ओवून जुडगा ताणकाट्याला लावला. आता अकरा किल्ल्या, दोनशे चाळीस ग्रॅम. एकतीस होत्या तेव्हा किती असतील, ते तिने विचारलं नाही. माझ्या बॉनेटला टेकून उभी राहिली.

"म्हणजे तुम्ही खरंच सांगत होता."

"मी सांगत होतोच. पुढे पुढे मलाच खरं वाटेनासं झालं, ते वेगळं."

भंगारवाल्याला तिने स्वतः नाही म्हणून कळवलं. गॅरेजवाल्याने किल्लीचं भोक, आतलं पितळ, सगळं नवं बसवलं आणि डोक्याला हात लावला. "काका, तुम्ही जुडगा लावून दाखवलाच नाहीत कधी!" काका म्हणाले, "तूच काढून माझ्या हातात द्यायचास, लेका."

मित्रांनो, इथे माझी गोष्ट थांबली असती तर किती बरं झालं असतं. मी आता रोज सुरू होते. काही लोकांनी किल्ल्या परत आणून दिल्या, दंतवैद्याने नाही दिली. पण काका अजूनही किल्ली फिरवण्याआधी क्षणभर थांबतात. माझ्यातलं पितळ बदलता आलं. त्यांच्यात शिरलेली शंका कुठल्या गॅरेजात बदलून मिळणार? आणि मी बेचैन असते, कारण ती शंका साफ खोटी होती असंही मला म्हणता

परवाचीच गोष्ट. सकाळ. आम्ही रस्त्याच्या कडेला उभे. माझं इंजिन चालू, आवाज एकसारखा, कुठे काही खोट नाही. आणि काका स्टीअरिंगवर हात ठेवून बसलेले. एक मिनिट. चार मिनिटं. त्यांनी मागे वळून बघितलं. पेटी होती. म्हणजे कुठल्यातरी दुकानात निघालो होतो. कुठल्या? त्यांनी खिशातले कागद काढले, बघितले, परत ठेवले. सहा मिनिटं. आठ. माझ्यात काहीच बिघडलेलं नव्हतं आणि मला त्याचीच धास्ती वाटत होती.

त्यांना सरळ घरी जाता आलं असतं. घरचा रस्ता आठवत होता. कुणाला कळलं नसतं. मी तर सांगणारच नव्हते. त्यांनी फोन हातात घेतला, खाली ठेवला, परत घेतला.

"बोला बाबा."

"अगं, गाडीला काही झालेलं नाही."

"मग?"

"मी कुठे निघालो होतो ते आठवत नाहीये."

पलीकडे कुणीतरी भिंतीवरची अक्षरं मोठ्याने वाचत होतं. ते थांबलं. आता ती म्हणेल, नीट आठवून बघा. आता ती म्हणेल, तरी मी सांगत होते.

"आत्ताच, की मघापासून?"

"दहा मिनिटं झाली."

"बरं. समोर काय दिसतंय?"

"बुटांचं दुकान. पिवळं दार."

"कळलं कुठे ते. मी निघतेय. तुम्ही गाडी बंद करून ठेवा."

काका जरा घुटमळले. "परत सुरू नाही झाली तर?"

"नाही झाली तर दोघं मिळून ढकलू."

काकांनी किल्ली फिरवली. मी बंद झाले. इतक्या शांतपणे मी आयुष्यात कधी बंद झाले नव्हते.

ती आली ती दवाखान्याचा पांढरा कोट अंगावर तसाच घेऊन. बाजूचं दार उघडून आत बसली, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "हं. आता काय काय आठवतंय ते सांगा. घाई नाही."

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. तुमच्या घरातही कुणीतरी असेल, कधी सुरू, कधी बंद. तुम्ही बघायला जाल तेव्हा नेमका त्याचा बिघाड दिसणार नाही. तरी तो नाही असं म्हणू नका, आणि दिसला तर तो माणूसच संपला असंही म्हणू नका. त्याच्या हातातलं सगळं काढून घेऊन त्याला तपासू नका. बाजूचं दार उघडा, आत बसा, आणि तो सांगतोय ते शेवटपर्यंत ऐका.