सतरा नंबरचं घर आणि तिसरं पिंप

मी एक जुनी खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझी कीव करायला कोणी आला असेल तर त्यानं आल्या पावली परत जावं. माझे तीन पाय एका लाकडाचे आहेत आणि चौथा दुसऱ्याच लाकडाचा. पाठीचा एक दांडा फुटलाय. बसायची फळी मधोमध झिजून खोलगट झालीय. पण मी एका मालकाला नमवणारी खुर्ची आहे, आणि हे म्हणू शकणाऱ्या खुर्च्या जगात फार नसतील.

क्यूबाच्या मधल्या भागात, तंबाखूच्या शेतांनी वेढलेल्या आमच्या गावात चिरुटांचा कारखाना होता. त्याचं नाव मी घेणार नाही. ज्यानं दुसऱ्याचं नाव पुसायला पाहिलं, त्याचं नाव मी का मिरवू? तिथं चिरुटांच्या पेट्या करणारा एक सुतार होता. त्यानं मला देवदाराच्या उरलेल्या फळ्यांतून घडवलं आणि पाय मात्र कठीण लाकडाचे लावले, साध्या खुर्चीच्या दुप्पट उंच. मला दारातून आत आणलं तेव्हा मालक हसला होता म्हणतात. ही काय राजाची गादी, असं त्यानं विचारलं. राजाची नव्हती. चिरूट वळणाऱ्या शंभर माणसांनी वर्गणी काढून मला करवून घेतलं होतं. मालकाची त्यात एक दमडी नव्हती. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

माझ्यावर वाचक बसायचा. चिरूट वळताना हात गुंततात, कान रिकामे राहतात. त्या रिकाम्या कानांत दिवसभर कोणीतरी वाचून दाखवावं, ही आमच्याकडची रीत. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचकाचा पगारही कामगारच द्यायचे. माझ्या वेळी वाचक होता मासेदोनिओ. बारीक अंगाचा, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. शाळेत तो दोनच वर्षं गेला होता, पण त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत न ओरडता जायचा.

परदेशच्या तारा वाचून झाल्या की मास्तर कामगारांच्या घरचे जन्म वाचायचा. मूल कोणाचं, कुठं झालं, वजन किती. आवाज तोच. फ्रान्सचा प्रधान पडल्याची बातमी ज्या सुरात, त्याच सुरात सिप्रियानोच्या जुळ्यांची. मग वळणारे आपापली अर्धचंद्री सुरी फळीवर आपटायचे, टक टक टक. त्या सुरीला मूठ नसते, नुसतं पातं. शंभर पाती एकदम आपटली की माझे चारही पाय थरथरायचे. टाळ्या वाजवायला हात मोकळे नसणाऱ्यांची ती टाळी होती.

मला सांगायचंय ते एकोणीसशे सव्वीस सालच्या एप्रिल महिन्याबद्दल. तो महिना मला तोंडपाठ आहे. इटलीच्या हुकूमशहावर एका आयरिश बाईनं गोळी झाडली आणि ती त्याच्या नाकाला चाटून गेली. पुढच्याच बाकावरचा सिप्रियानो म्हणाला, एवढ्या लांबून आलीच होतीस, तर नेम तरी शिकून यायचं होतंस, माई. सगळं दालन हसलं. कॅलिफोर्नियात तेलाच्या टाक्यांवर वीज पडली आणि त्या दिवसेंदिवस जळत राहिल्या. रोमहून एक हवाई जहाज उत्तर ध्रुवाच्या वाटेला लागलं. हवाई बेटावर ज्वालामुखीच्या रसानं कोळ्यांचं एक गाव गिळलं, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. त्या दिवशी मास्तरला ती बातमी दोनदा वाचावी लागली, कारण पलीकडून बायकांनी मागितली.

पलीकडे म्हणजे माझ्या पाठीमागे. तिथं लाकडी पट्ट्यांची आडभिंत होती आणि भिंतीपल्याड पानं सोलणाऱ्या बायकांची खोली. तंबाखूच्या पानाची मधली शीर ओढून काढायची आणि पान पिंपाच्या काठावर पसरायचं, हे त्यांचं काम. पट्ट्यांच्या फटींतून त्या ऐकायच्या. त्यांच्यातच होती दोमितिला. नववा महिना भरलेला. नवरा उसाच्या हंगामाला गेलेला, त्याचा पत्ता नाही. वीस तारखेला तिनं मुकादमाकडे दोन दिवसांची सुट्टी मागितली. मुकादम किरिनो म्हणाला, घे की, पण परत आलीस तर तुझ्या पिंपावर दुसरी बसलेली दिसेल. ती घरी गेली नाही.

एकवीस तारखेला, बुधवारी, दुपारच्या कादंबरीत एक जहाज बुडत होतं तेव्हा माझ्या पाठीमागे पिंप सरकल्याचा आवाज आला. मग म्हातारी निकानोरा फटीशी आली आणि हळूच म्हणाली, "सिप्रियानो, सुरी दे. धुऊन दे." त्यानं विचारलं नाही कशाला. रम दारूनं धुतली आणि फटीतून सरकवली. मास्तर वाचत राहिला, उलट आवाज चढवून वाचत राहिला, कारण पलीकडचं ओरडणं झाकायचं होतं. जहाज बुडालं तेव्हा पोर रडलं. मुलगी होती. पानं झाकायच्या कापडात गुंडाळली आणि पानांच्याच तराजूत तिचं वजन झालं. सहा पौंड, दोन औंस. त्या दिवशी संत अन्सेल्मोचा सण, म्हणून नाव अन्सेल्मा.

मित्रांनो, मुकादम दारात उभा राहून हे सगळं बघत होता. त्यानं पाणीसुद्धा मागवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोमितिला कामावर आली. बाळंत होऊन एक रात्र झाली होती. पोरगी पानांच्या रिकाम्या खोक्यात झोपवून तिनं पुढ्यात ठेवली, कारण जागा जाण्याची भीती अंगातल्या तापापेक्षा मोठी होती. त्याच सकाळी हॅम्बुर्गहून आलेला एक व्यापारी माल पाहायला येणार होता. मालकानं मास्तरला दाराशी गाठलं आणि गोड बोलून सांगितलं की चिरूट ही साहेबलोकांनी तोंडात धरायची वस्तू आहे. पानांत बाळंतपण झाल्याचं कळलं तर कोण घेईल? जन्म वाच, हरकत नाही, पण घरी झाला असं वाच. म्हणजे बाईचीही जागा राहील आणि तुझीही.

मास्तर माझ्यापाशी आला पण बसला नाही. हातात हवानाहून सकाळच्या गाडीनं आलेलं वर्तमानपत्र होतं. तो आडभिंतीशी गेला आणि फटीतून दोमितिलाला दोन्ही गोष्टी सांगितल्या. एक, मालकाचं म्हणणं. दुसरी, पत्रातली मोठी बातमी. काल, तिच्याच पोरीच्या दिवशी, लंडनला राजाच्या घरात नात जन्मली होती.

ती पान सोलत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, त्या पोरीचा रस्ता छापलाय का?"

"छापलाय."

"घराचा नंबर?"

"सतरा."

तिनं आणखी एक शीर ओढली. "माझं पिंप तिसरं आहे. तेवढं वाचा."

निकानोरा तिला म्हणाली, "जागा जाईल गं, बये. वेड लागलंय का?"

"जागा गेली तर दुसरी मागीन," दोमितिला म्हणाली. "जन्म कुठून दुसरा आणू?"

मास्तर माझ्यावर चढला. मालक आणि तो व्यापारी माझ्यासमोर दहा पावलांवर उभे होते. मास्तरनं लंडनची बातमी संथपणे वाचली. रस्ता वाचला, सतरा नंबरचं घर वाचलं, डॉक्टर वाचले, आणि रिवाजाप्रमाणे देशाचे गृहमंत्री जातीनं त्या घरी हजर होते हेही वाचलं. मग वर्तमानपत्राची घडी घातली आणि त्याच सुरात पुढे म्हणाला, "त्याच दिवशी, याच कारखान्यात, पानं सोलायच्या खोलीत, तिसऱ्या पिंपामागे, दोमितिला आरेन्सिबिया हिला मुलगी झाली. आदल्या दिवशी तिनं सुट्टी मागितली होती. मिळाली नाही. वजन सहा पौंड दोन औंस. तराजू कारखान्याचा. रिवाजाप्रमाणे मुकादम जातीनं हजर होते."

मग सिप्रियानोनं सुरी आपटली, आणि त्यामागे शंभर सुऱ्या. व्यापाऱ्याला वाटलं हे त्याच्या स्वागतासाठीच चाललंय, म्हणून तो बिचारा मान झुकवून हसला.

मालक हसला नाही. त्यानं मास्तरला उतरवलं, दोमितिलाला खोक्यासकट बाहेर काढलं आणि मला रस्त्यावर फेकायला सांगितलं. दोन हमालांनी मला पायरीवरून सोडलं. माझा मागचा उजवा पाय तिथंच मोडला. दुखलं का, असं विचारू नका. लाकडाला दुखतं की नाही ते मला ठाऊक नाही. राग मात्र येतो.

माझ्यात मालकाची दमडी नव्हती, म्हणून मास्तरनं मला हक्कानं उचललं, मोडलेल्या पायाखाली दगड रचले, कारखान्याकडे तोंड करून रस्त्याच्या पलीकडे मांडलं आणि माझ्यावर चढून वाचायला लागला. पण कारखान्याच्या खिडक्या बंद होत्या. त्या नेहमीच बंद असतात. चिरुटावर जे शेवटचं पान गुंडाळतात ते रेशमासारखं मऊ आणि ओलसर लागतं. वाऱ्याची एक झुळूक आली की ते कोरडं होऊन तडकतं. उन्हाळा असो, माणसं घामानं निथळोत, खिडकी उघडायची नाही, हा पहिला नियम.

सिप्रियानो उठला आणि खिडकी उघडली.

मुकादम धावत आला. सिप्रियानोनं अगदी गरीब चेहऱ्यानं सांगितलं की मास्तरांचं नीट ऐकू येत नाहीये. मुकादमानं ती लावेपर्यंत मागची उघडली, ती लावेपर्यंत तिसरी. शेवटी बावीसच्या बावीस खिडक्या उघड्या. काम कोणी थांबवलं नाही, हं. सगळे मन लावून वळत होते. आणि वळता वळता पान तडकत होतं. व्यापाऱ्यानं एक चिरूट हातात घेतला तर त्याचं वरचं पान मुंगीच्या पंखासारखं गळून पडलं. तो संध्याकाळच्या गाडीनं गेला.

हे आठ दिवस चाललं. तडकलेल्या मालाचे पैसे मिळत नव्हते, ते कामगारांचेही बुडत होते. घरोघरी मक्याच्या पिठाच्या लापशीवर दिवस निघत होते. पोरांना दूध मिळत नव्हतं. एकदा एका वळणाऱ्याची बायको मास्तरकडे आली आणि म्हणाली की कोणाच्या एका पोरीपायी माझी तीन उपाशी आहेत. मास्तरनं तिच्यासमोर वर्तमानपत्र खाली घेतलं. मी हे झाकणार नाही. लढा म्हणजे नुसता सुऱ्यांचा गजर नसतो. त्या बाईचा चेहराही लढ्यातच मोजायचा असतो.

पण तो वाचत राहिला. इराणात एक शिपाईगडी राजा झाला आणि त्यानं मुकुट स्वतःच्या हातानं स्वतःच्या डोक्यावर ठेवला. सिप्रियानो खिडकीतून ओरडला की आमच्या मुकादमालाही एक पाठवा. तीस तारखेला, शुक्रवारी, तार आली की इंग्लंडच्या कोळशाच्या खाणी बंद पडताहेत, मालक मजुरी कापायला निघालेत आणि मजूर मानायला तयार नाहीत. ती बातमी वाचून झाली आणि आतून सुऱ्या इतक्या वेळ वाजल्या की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. त्या दुपारी मालकानं धाडलेला मुकादम किरिनो बाहेर आला. मास्तरकडे न बघता त्यानं मला उचललं आणि स्वतःच्या खांद्यावरून आत नेलं. सोमवारी दोमितिला तिसऱ्या पिंपावर बसली. पुढ्यात खोकं, खोक्यात अन्सेल्मा.

मित्रांनो, गोष्ट इथं संपली असती तर मी गोड खुर्ची झाले असते. पण त्या आठ दिवसांत मालकानं एक काम उरकून घेतलं होतं. गावच्या जन्माच्या वहीत कारकुनाकडून लिहून घेतलं की मूल घरी जन्मलं. दोमितिलाला वाचता येत नव्हतं. मास्तरनं वही पाहिली तोवर शाई वाळली होती आणि शिक्का बसला होता. कारकुनानं खांदे उडवले. मग सिप्रियानोनं मला उलटं केलं. सुतारानं नवा पाय बसवला होता, हाताला मिळेल त्या लाकडाचा. आणि माझ्या बैठकीच्या खालच्या बाजूवर, ज्या सुरीनं नाळ कापली त्याच सुरीनं, मास्तर सांगत गेला तसं सिप्रियानोनं कोरलं: अन्सेल्मा. २१ एप्रिल १९२६. तिसरं पिंप.

पुढे दालनात रेडिओ आला आणि मी कोठारात गेले. माझ्यावर रिकामी पोती टाकली, कोंबड्यांनी अंडी घातली. तिथून मला बाहेर कोणी काढलं असेल? तोवर चिरूट वळण्यात गावात पहिला हात झालेली अन्सेल्मा आली आणि मला डोक्यावर उलटं धरून घरी घेऊन गेली. उलटं यासाठी, की चार गल्ल्यांतल्या लोकांना वाचता यावं.

आता ती सत्तरीची आहे. गेल्या आठवड्यात शहरातून एक गृहस्थ आले होते. त्यांना मी संग्रहालयासाठी हवी आहे. त्यांच्याकडे एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात प्रत्येक महिन्याच्या जगातल्या महत्त्वाच्या घटना आणि महत्त्वाचे जन्म दिलेले होते. अन्सेल्मानं एप्रिल एकोणीसशे सव्वीस काढायला लावलं. तेलाच्या टाक्या होत्या. ज्वालामुखी होता. मुकुट होता. लंडनची नात होती, अगदी तारीख-वारासकट. अन्सेल्मा ऐकत राहिली आणि म्हणाली, "एक राहिलं."

गृहस्थ हसले. म्हणाले, आजी, यादीत कोणाला घ्यायचं याला काही नियम असतात. मग त्यांनी मला प्रेमानं थोपटलं आणि सांगितलं की काळजी करू नका, आमचे कारागीर हिला वरून-खालून घासून नव्यासारखी चकचकीत करतील.

अन्सेल्मानं त्यांना कॉफी दिली आणि दार दाखवलं.

म्हणून सांगते, मित्रांनो. जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं तुम्हाला सगळेच सांगतात. मीही सांगते. माझी धूळ झटका, वाळवी लागू देऊ नका, पावसात ठेवू नका. पण घासू नका. आणि कोणी यादी घेऊन आलं, तर मला उलटं करा आणि मोठ्यानं वाचा, शेवटच्या बाकापर्यंत जाईल असं.