परतीचा गाळ

"विनताजी, पाणी असं काळं काहून होऊन राहिलं?"

केंद्रप्रमुख हेमचंद्र पाटणकरांनी काचेचा ग्लास प्रयोगशाळेच्या ओट्यावर ठेवला. सडक्या अंड्यासारखा वास सुटला होता. तपासणीचं पथक चार दिवसांवर आलेलं.

विनताने ग्लास उजेडात धरला. कारण एका नजरेत कळलं. तरी ती म्हणाली, "काय माहीत, सर. योजना तुमची. फाइलवर नाव तुमचंच आहे ना."

पाटणकर चडफडत निघून गेले. आठ वर्षांनी आज विनताला चहा गोड लागला.

नर्मदेकाठच्या तिलवाऱ्याच्या अलीकडच्या या सांडपाणी केंद्रात ती केमिस्ट होती. टाकीत हवा सोडायची आणि तरंगत्या गाळातल्या जिवाणूंकडून घाण खाऊन घ्यायची, ही इथली जुनी पद्धत. शहर वाढलं, टाकी पुरेना. तेव्हा त्याच टाकीत प्लास्टिकच्या जाळीदार चकत्या सोडाव्यात, त्यांच्यावर जिवाणूंचा बुळबुळीत थर धरू द्यावा आणि गाळ व थर दोघांकडून मिळून काम घ्यावं, हे विनताला सुचलं. दोन हिवाळे तिने ते पिंपात करून पाहिलं आणि वही विश्वासाने पाटणकरांना वाचायला दिली. वही परत आलीच नाही. आला तो बदलीचा कागद. 'आकडे बनावट' असा शेरा मारून तिला भांडारात बसवलं. वर्षभरात तीच योजना पाटणकरांच्या नावाने मंजूर झाली. ते सत्काराची शाल घेत होते तेव्हा ती मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होती. दुसरा केमिस्ट टिकेना म्हणून पुढे तिला परत प्रयोगशाळेत आणलं, इतकंच.

पण वही पाटणकरांनी नीट वाचली नव्हती. खाली बसलेला गाळ पंपाने सतत टाकीत परत फिरवावा लागतो. तो थांबला की सगळा भार चकत्यांवर येतो, थर गुदमरतो आणि सुटून वाहून जातो. पाटणकरांनी वीज वाचवायला गेल्या आठवड्यात तोच पंप बंद करवला होता. एक बटण दाबायचं होतं. विनता चार दिवस त्या बटणासमोरून गेली.

पथकातल्या मोठ्या साहेबांनी टाकीच्या कठड्यावरूनच विचारलं, "रिटर्न पंप क्यों बंद है?"

"सर, वो... चकतियाँ डाल दीं, तो अब गाळ... गाद की ज़रूरत नहीं।"

"किसने कहा?"

पाटणकर विनताकडे वळले. "विनताजी, तुम्ही सांगा ना यांना."

विनताने सांगितलं. आवाज न चढवता, एकेक आकडा तोंडपाठ. साहेबांनी विचारलं, "आपको ये सब कैसे पता?"

"पहला प्रयोग मेरा था, सर। मेरी नोटबुक पाटणकर सर के पास है।"

पाटणकरांनी मान खाली घातली. संध्याकाळी हुकूम आला. पाटणकरांना हटवलं, केंद्र विनताच्या हाती दिलं. फाटकाशी ते थांबले.

"चार दिवस आधी बोलल्या असत्या तर?"

"आठ वर्षं आधी तुम्ही बोलला असता तर?"

ते गेले. विनताने पंप सुरू करवला आणि त्या रात्री ती गाढ झोपली.

सकाळी ती केंद्राचं पाणी सुटतं त्या नाल्यावर गेली. सफाईवाली इंदू गुडघाभर पाण्यात उभी होती. तिचं घर नाल्याकाठीच. पांढरी पोटं वर करून मेलेले मासे काठापर्यंत साचले होते. ते ती टोपलीत भरत होती.

"नर्मदेत जाण्याआधी काढून घेते, दीदी," ती म्हणाली. मग हात थांबवून तिने विचारलं, "पाणी खराब काहून झालं, तुम्हाला माहीत होतं का?"

नाही म्हणता आलं असतं.

"होतं," विनता म्हणाली.

इंदू तिच्याकडे बघत राहिली. काठावरची दुसरी टोपली तिने पायाने विनताकडे सरकवली आणि पुन्हा वाकली.

विनताने चपला काढल्या, पदर खोचला आणि ती पाण्यात उतरली.